मदत हवी आहे: इंदुरातल्या ऑफिसात खेळाची खोली

नमस्कार मंडळी. रामबागेत आमचं हिशेबाचं छोटं ऑफिस आहे. मध्यंतरी अमेरिकेत मैत्रिणीने तिचं गूगलचं माउंटन व्ह्यूचं ऑफिस दाखवलं. आवारात डायनोसॉरचा भला थोरला सांगाडा आणि त्याच्यावर अडकवलेले गुलाबी फ्लेमिंगो! एका इमारतीतून दुसरीत जायला रंगीत सायकली. कर्मचाऱ्यांनी हवी ती घ्यायची, पोचल्यावर तिथेच सोडायची. पण मला खरं भावलं ते वेगळंच. खेळणाऱ्याकडे कुणीच वाकड्या नजरेने बघत नव्हतं.

आमच्याकडे जीएसटीची 20 तारीख जवळ आली की पोरांचे चेहरे उतरतात. त्यांच्यासाठी वरची रिकामी खोली मोकळी करतेय: उभ्याने खेळायचा कॅरम, थोडी पुस्तकं आणि झोपाळा. झोपाळा हवाच!

अडलंय ते इथे. घर जुनं, तुळया लाकडी. कड्या ठोकल्या तर दोन माणसांचा भार पेलेल का? तुळई आतून पोखरलेली आहे का, हे नीट तपासून देणारा इंदुरातला जाणता सुतार किंवा इंजिनियर कुणाच्या माहितीत आहे का? की सरळ लोखंडी स्टँडचाच झोपाळा घ्यावा? आणि सोंगट्यांचा आवाज खालच्या भाडेकरूंना जाऊ नये म्हणून जमिनीवर काय अंथरावं? ज्यांनी घरी असं काही केलंय, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.