मिलानची गॅलेरिया टिकली ती कुणामुळे?

चुनखडी: खाजगी भांडवलाने शहर सुधारतं, याचा दाखला म्हणून मिलानची गॅलेरिया व्हित्तोरिओ एमान्युएले, म्हणजे काचेच्या छपराखालची दुकानांची वाट, पुढे करणं थांबवा. १८६५ मध्ये पायाभरणी, १८६७ मध्ये उद्घाटन, काम एका इंग्रज कंपनीकडे. कंपनी बुडाली. १८६९ मध्ये नगरपालिकेने सगळा पसारा विकत घेतला आणि आजही गाळ्यांची घरमालकीण तीच. वास्तुविशारद मेंगोनीचं काचेचं छप्पर त्यामुळे आजही सांभाळलं जातं.

पन्हळ: श्रेय जागेला द्या. एका तोंडाशी दुओमो हे मोठं चर्च, दुसऱ्याशी ला स्काला हे ऑपेरागृह. ही वाट कुणाच्याही मालकीची असती तरी चाललीच असती.

चुनखडी: मग नेपल्सच्या गॅलेरिया उंबेर्तोचं काय? १८८४ च्या कॉलऱ्यानंतर जुनी वस्ती पाडून उभारली. तोच क्रूसाचा आराखडा, घुमट मिलानपेक्षा उंच, समोर सान कार्लो नाट्यगृह. जागेत काय कमी होतं? पण वरच्या मजल्यांची मालकी कितीतरी जणांत वाटलेली. २०१४ मध्ये दर्शनी भागाचा तुकडा पडून १४ वर्षांचा मुलगा दगावला आणि देखभाल कुणाची होती यावर कोर्टकज्जे झाले. पागडीच्या इमारती पाहिलेल्यांना जास्त सांगायला नको.

लोणारी: यात लोखंडाचाही हिशेब धरा. मिलानची लांब बाजू १९६ मीटर. तापमान ३० अंशांनी चढलं तर तेवढ्या लांबीचं सलग लोखंड सुमारे ७ सेंटिमीटर वाढतं. सांध्यांना हलायला वाव नसेल तर काचेभोवतीची पुट्टी तडकते, पाणी आत शिरतं, लोखंड गंजतं. गंज मूळ धातूच्या कितीतरी पट जागा घेतो आणि गिलाव्याला आतून ढकलतो. खालून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून छतावर चढून पन्हळी साफ करणारा माणूस हवा, आणि त्याचा पगार देणारा एकच हात. वर्गणी काढून हे होत नाही, तळमजल्यावाला म्हणतो छत माझं नाही.

पन्हळ: हात एकच, पण पैसा कुणाचा? २०१५ च्या एक्स्पो या जागतिक प्रदर्शनाआधी भिंती उजळल्या त्या प्राडा आणि व्हर्साचे या फॅशन कंपन्यांच्या पैशाने. २०१२ मध्ये मॅकडोनाल्ड्स गेलं, त्या जागी प्राडाच आलं.

चुनखडी: पैसा भाडेकरूचा, हुकूम घरमालकिणीचा. पाट्या काळ्यावर सोनेरी अक्षरांच्याच, मग दुकान बर्गरचं असो वा चामड्याच्या पिशव्यांचं. आणि डागडुजीला सरकती परांची लावली, दुकानं चालू ठेवून. नेपल्समध्ये तशी परांची उभी करायला आधी किती सह्या गोळा कराव्या लागतील?

पन्हळ: सह्यांचं मान्य. पण साध्या मिलानकराने तिथे खरेदी करायची सोय उरली नाही, हेही त्याच घरमालकिणीचं कर्तृत्व.