मदतीच्या यादीतले आधार, पासबुक ग्रुपवर कशाला?

कापूसपट्टा: आमच्या संस्थेतल्या एक ताई काम सोडून गेल्या. आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतल्या बायांचे आधार, पासबुक, घराचे फोटो त्यांच्या फोनच्या गॅलरीत तसेच आहेत. व्हॉट्सॲप ग्रुपमधून त्यांना काढलं, गॅलरी कोण पुसणार? ताईंवर संशय नाही. पण तोच फोन उद्या दुरुस्तीला जाईल, नाहीतर पोराच्या हाती. माझं म्हणणं, कागदपत्रं ग्रुपवर मागणं बंद करा, पासवर्ड असलेल्या ऑनलाइन फॉर्मात घ्या.

वणीकर: काऊन बाप्पा? दिवसाले चार गावं फिरा लागते. तुमचा पासवर्डवाला फॉर्म उघडेपर्यंत एसटी निघून जाते. व्हॉट्सॲपवर फोटो टाकला का रेंज आली की आपोआप जाते. सरकारी एक लाखाच्या मदतीसाठी तहसीलच्या चकरा मारणाऱ्या बाईले आधी पैसे पाहिजे का गोपनीयता?

धाबेवाली: आणि व्हॉट्सॲप तर एन्क्रिप्टेड आहे ना?

कापूसपट्टा: वाटेत कुणी वाचू शकत नाही, खरं. पण पन्नास जणांच्या ग्रुपात पन्नास फोनांवर फोटो उघडाच पडतो. पहिल्या पाहणीला नाव, गाव, अडचण पुरे. आधार लागलंच तर मास्क केलेलं घ्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

वणीकर: रेड क्रॉसचंच फुटलं म्हणतात, आपण कोण लागून गेलो?

कापूसपट्टा: फुटलं. आंतरराष्ट्रीय समितीच्या सर्व्हरवरची 5 लाख 15 हजारांहून जास्त लोकांची माहिती चोरांच्या हाती लागली. युद्ध, आपत्तीत ताटातूट झालेले, बेपत्ता, कैदी. नोव्हेंबर 2021 ला शिरले, कळलं जानेवारी 2022 ला. एका सॉफ्टवेअरची दुरुस्ती वेळेत बसवली नव्हती, तिथूनच वाट मिळाली. पण त्यांनी ते जाहीर केलं, ज्यांची माहिती गेली त्यांना कळवायला लागले. आपलं फुटलं तर कुणाकुणाला कळवायचं, याची यादी तरी आहे का आपल्याकडे?

धाबेवाली: हे मात्र खरं. आमच्याकडे तर एक्सेलची फाइल तीन लॅपटॉपवर, तिन्हीत नावं वेगळी.

वणीकर: बरं, पटलं अर्धं. पण फोन संस्थेनं द्यावा नं मंग. मानधन चार महिने थकलं, फोनाचा हप्ता मीच भरून राहिलो, आन् त्याच्यातलं काय ठेवा, काय पुसा, ते तुम्ही सांगता?