चर्चा: दीर्घ मुदतीत शेअर महागाईला पुरून उरतात का?

चक्रवाढ: पंधरा-वीस वर्षं थांबायची तयारी असेल तर हो. शेअर म्हणजे चालत्या धंद्यातला वाटा. वस्तूंचे भाव वाढले की विक्रीचा आकडा वाढतो, आणि ठरावीक व्याजाचं जुनं कर्ज त्या मानाने हलकं होतं. साध्या रोख्याचं, म्हणजे सरकारला किंवा कंपनीला दिलेल्या कर्जाचं, व्याज मात्र जागच्या जागी राहतं.

ताळेबंद: विक्री वाढते हो, नफा हातात पडतो का? 100 ला घेतलेलं यंत्र दहा वर्षांत पूर्ण घसाऱ्यात गेलं, म्हणजे त्याची किंमत दरवर्षी थोडी थोडी खर्चात धरली. 7% महागाईत तसंच नवं यंत्र 197 ला येतं. घसाऱ्यापोटी बाजूला पडले 100. उरलेले 97 लाभांशाला कात्री लावून आणा, नाहीतर कर्ज काढा. म्हणजे दाखवलेला नफा फुगीर होता आणि कर त्याच फुगीर आकड्यावर भरला. मालसाठ्याचंही तेच: तेवढाच माल ठेवायला दरवर्षी जास्त खेळतं भांडवल (रोजच्या व्यवहाराचा पैसा) अडकतं.

चक्रवाढ: म्हणूनच निवडताना दोन गोष्टी बघायच्या. कच्चा माल महागला त्या वर्षी नफ्याचं प्रमाण टिकलं का, आणि धंद्यातून आलेली रोकड नफ्याच्या आसपास आहे का.

जुना_आलेख: अख्खा बाजारच झोपला तर निवडीने काय होणार? अमेरिकेच्या शेअर बाजाराचा निर्देशांक डाऊ जोन्स 1966 च्या सुरुवातीला हजाराच्या उंबरठ्यावर होता, ऑगस्ट 1982 मध्ये आठशेच्या खाली. तेवढ्यात अमेरिकेतल्या ग्राहक किमती सुमारे तिप्पट झाल्या. कंपन्यांचे नफे वाढतच होते. कोसळलं ते किंमत-नफा गुणोत्तर, म्हणजे नफ्याच्या किती पट भाव मिळतो तो आकडा. व्याजदर चढले की उद्याच्या नफ्याला आज कमी भाव मिळतो.

चक्रवाढ: हा 1966 मध्ये एकरकमी टाकणाऱ्याचा हिशेब झाला, तोही लाभांश सोडून. दरमहा गुंतवणाऱ्याला पडत्या भावात जास्त शेअर मिळाले.

जुना_आलेख: जमवणाऱ्याला. निवृत्तीनंतर दरमहा काढणाऱ्याचं नेमकं उलटं. पडत्या भावात जास्त शेअर विकावे लागतात, आणि बाजार सावरला तेव्हा ते हातात नसतात.

दशांश: दोघांनीही खर्च आणि कर सोडलेत. परतावा 12%, महागाई 7%, तर खरा परतावा 5% नव्हे, 1.12 भागिले 1.07, म्हणजे 4.67%. गुंतवणुकीचा वार्षिक खर्च 1.5% धरा, तर 1.105 भागिले 1.07, म्हणजे 3.27% उरतो. वर कर आकड्यातल्या नफ्यावर लागतो. 100 चे 197 झाले आणि महागाईही तेवढीच, तर कमाई शून्य. तरी कराचा दर 10% धरला तर 9.7 गेले. कर मोजताना खरेदी किंमत महागाईनुसार वाढवून धरता येते का, ते आधी बघा.

ताळेबंद: आणि पुढच्या पाचेक वर्षांत लागणारा पैसा महागाईशी जोडलेल्या सरकारी रोख्यांत ठेवा, मुदत गरजेच्या वर्षाशी जुळवून. मुदतीआधी विकलात तर त्यांचाही भाव पडलेला असू शकतो.