१९६६ चा फेंडर डिलक्स रिव्हर्ब मिळालाय, आधी काय करू?

रातकिडा:
नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत असतो. शेजारचे आजोबा गेले, घर आवरताना त्यांच्या मुलीने हा गिटारचा ट्यूब अँप (जुन्या रेडिओसारख्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) मला जवळजवळ फुकटात दिला. आत चिकटवलेल्या ट्यूबांच्या यादीच्या कागदावर (ट्यूब चार्टवर) ‘पी सी’ असा शिक्का आहे, वायरला दोनच पिना. दोन वर्षांनी पुण्याला परतायचंय. ठेवू की विकू? लावून बघायचा मोह आवरत नाहीये.

जुनारेडिओ:
आवरा! ‘पी’ म्हणजे १९६६, ‘सी’ म्हणजे मार्च. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) आता साठीला टेकलेत. आतून वाळले की आधी घरघर, मग शॉर्ट, आणि जाताना पॉवर ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातात. चेसिसवरच्या (धातूच्या सांगाड्यावरच्या) पत्र्याच्या झाकणाखाली त्यांची पाच नळकांडी आहेत, ती आधी बदला. वायर तीन पिनांची घाला आणि ग्राउंड स्विचचा छोटा कपॅसिटर काढायला सांगा. तो शॉर्ट झाला तर भिंतीतली वीज थेट गिटारच्या तारांवर! तिकडे त्याला ‘डेथ कॅप’ म्हणतात ते उगाच नाही. हे घरी करू नका, प्लग काढला तरी आत ४०० व्होल्ट दबा धरून असतात.

सूरपेटी:
विकू नका हो. २२ वॅटचाच आहे, पण व्हॉल्यूम ३ वर लख्ख आणि ६ वर हळू छेडलं तर साफ, जोरात छेडलं की आवाज फाटतो. सगळं बोटांत येतं. फक्त ‘सगळं नवं करून द्या’ असं म्हणू नका. माझ्या अँपचे चांगले भागसुद्धा एकाने कौतुकाने बदलले आणि जुने कचऱ्यात टाकले. ट्यूबा चालत असतील तर चालू द्या.

जुनारेडिओ:
+१. आणि स्पीकरची वायर काढून अँप कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

पुणेरी_स्ट्रॅट:
पुण्यात २३० व्होल्टचं १२० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. ३०० व्हीए क्षमतेचा घ्या, अर्थिंग पुढपर्यंत जाईल असाच. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, तिकडच्यापेक्षा कमी, त्यामुळे अँपचा ट्रान्सफॉर्मर जरा जास्त तापेल. मागे हवा खेळू द्या, भिंतीला चिकटवू नका.

रातकिडा:
सगळ्यांचे आभार. वायर गुंडाळून कपाटात ठेवलीये, मोहच नको. टेक्निशियनची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळाली. काढलेले भाग पिशवीत घालून परत द्या, असं आत्ताच सांगून ठेवलंय.