याकोब सात वेळा वाकला ती नम्रता होती की भीती?

रानपाखरू: बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाचा ३३वा अध्याय परत वाचला. याकोबाने आंधळ्या बापाला फसवून थोरल्या भावाचा, एसावचा आशीर्वाद ढापला, एसाव जिवावर उठला म्हणून मामाकडे पळाला, २० वर्षं तिथे राबला आणि आता परत येतोय तर समोरून एसाव ४०० माणसं घेऊन. तेव्हा हा सगळ्यांच्या पुढे जाऊन सात वेळा जमिनीपर्यंत वाकतो. चोरलेल्या आशीर्वादात काय होतं आठवा, ‘तुझ्या आईचे मुलगे तुला नमन करोत’. ज्याच्यासाठी पाप केलं तेच तो उलटं करतोय, मला ही खरी नम्रता वाटते.

कोरडी विहीर: अजिबात पटलं नाही. शेळ्या-मेंढ्या, उंट, गायी, गाढवं मिळून साडेपाचशे जनावरं आधीच पुढे पाठवली, आणि स्वतःच म्हणतो की भेट देऊन त्याला शांत करीन. ‘माझं चुकलं’ एकदाही नाही! आमच्या काकांनी जमिनीच्या भांडणानंतर दर दिवाळीला मिठाई पाठवली, बाबांना फक्त ते एक वाक्य ऐकायचं होतं, शेवटपर्यंत नाही ऐकलं.

रानपाखरू: बाबांचं वाचून वाईट वाटलं. पण हिब्रू शब्द बघ ना. आधी तो ‘मिन्हा’ म्हणतो, म्हणजे भेट. एसाव म्हणतो माझ्याकडे पुष्कळ आहे भाऊ, नको. मग याकोब आग्रह करताना शब्दच बदलतो, माझी ‘बेराखा’ घे म्हणतो, म्हणजे आशीर्वाद, जो चोरला होता तोच शब्द, बऱ्याच भाषांतरांत तिथे नुसतं ‘भेट’ येतं म्हणून निसटतं. माझ्यासाठी हीच माफी आहे.

माईंची नात: तुम्ही दोघं याकोबालाच धरून बसलात. ज्याचं गेलं तो एसाव धावत आला, गळ्यात पडला, मुका घेतला, दोघं रडले. हिब्रू पोथीत त्या ‘मुका घेतला’ शब्दावर टिंबं आहेत आणि जुने रब्बीही, म्हणजे ज्यू धर्मपंडित, त्यावरून भांडलेत, कोणी म्हणे मनापासून घेतला, कोणी म्हणे चावायलाच आला होता. मला एसाव खरा वाटतो, कारण तो काही न मागता धावला.

कोरडी विहीर: एसावबद्दल मान्य. पण याकोब एसावला ‘तुझ्याकडे सेईरला येतो’ सांगून दुसरीकडेच, सुक्कोथला गेला, त्याचं काय?

रानपाखरू: गेला, आणि ते मलाही खटकतं. पण पळाला होता तेव्हा एसावने ठरवलं होतं की बापाच्या शोकाचे दिवस आले की याला मारायचं. पुढे ३५व्या अध्यायात तो बाप, इसहाक, वारतो, दोघं मिळून त्याला पुरतात, कोणी कोणाला मारत नाही, आणि तिथे एसावचं नाव आधी घेतलंय.