खाऱ्या पाण्यातील माशांसाठी गोठवलेले खाद्य : कोणते घ्यावे आणि कसे वितळवावे?

प्रश्न (कोथरूड)

नमस्कार. आमच्या घरी २०० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक असून येत्या दिवाळीत त्याला एक वर्ष पूर्ण होईल. त्यात क्लाउनफिशची एक जोडी, एक कोरल ब्युटी, एक फायरफिश आणि तळाशी बीळ करून राहणारा एक पिवळा वॉचमन गोबी असे पाच मासे आहेत. पहिले सहा-सात महिने मी केवळ दाणेदार कोरडे खाद्य देत होतो. परंतु फायरफिश ते तोंडात घेऊन थुंकू लागला आणि कोरल ब्युटीचा रंगही फिका दिसू लागला, म्हणून गोठवलेल्या खाद्याकडे वळलो. दुकानदाराने ब्राइन श्रिम्प, मायसिस (कोळंबीसारखे दिसणारे बारीक जीव) आणि ब्लडवर्म असे तीन पॅक दिले आणि ‘आलटून पालटून घाला’ एवढेच सांगितले.

सध्या मी सकाळी एक आणि संध्याकाळी एक असे दोन क्यूब देतो. ऑफिसची घाई असल्यामुळे क्यूब गरम पाण्याच्या वाटीत टाकतो, दोन मिनिटांत तो विरघळला की पाण्यासकट टँकमध्ये ओततो. गेल्या दोन महिन्यांत पाण्यातले नायट्रेट (खाद्य आणि विष्ठा कुजून शेवटी उरणारा क्षार) लिटरमागे १० मिलिग्रॅमवरून ४० वर गेले आहे आणि काचेवर शेवाळ धरू लागले आहे. माझी वितळवण्याची पद्धत चुकते आहे, की खाद्याची निवडच चुकली आहे? शिवाय मायसिसचा जो पॅक परवा उघडला, त्यातले क्यूब एकमेकांना चिकटून एक सपाट लादी झाली होती आणि वर बर्फाचा थर होता. तो वापरावा की टाकून द्यावा?

शेवटचा प्रश्न थोडा घरगुती आहे. आमचे घर शाकाहारी आहे आणि फ्रीझरमध्ये मटारांच्या शेजारी हे पॅक ठेवायला आईचा सक्त विरोध आहे. यातून कोणी मार्ग काढला असल्यास कृपया सांगावे.

उत्तर १ (सहकारनगर)

नायट्रेटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर आकड्यांत देता येते. १०० ग्रॅमच्या पॅकमध्ये साधारणपणे ३० क्यूब असतात, म्हणजे एक क्यूब सव्वातीन ग्रॅमच्या आसपास भरतो. त्यात ८८ टक्के पाणी धरले तर कोरडा ऐवज उरतो ०.४ ग्रॅम. त्याचा ६० टक्के भाग प्रथिने मानली आणि प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो हे लक्षात घेतले, तर एका क्यूबमागे जवळजवळ ३८ मिलिग्रॅम नायट्रोजन टँकमध्ये जातो. तो सगळा नायट्रेट झाला असे समजल्यास १७० मिलिग्रॅम नायट्रेट होते, म्हणजे आपल्या २०० लिटरमध्ये लिटरमागे ०.८५ मिलिग्रॅम. रोज दोन क्यूब या हिशेबाने आठवड्याला लिटरमागे १२ मिलिग्रॅमची भर पडते. त्यातला काही भाग माशांच्या वाढीत जातो, काही स्किमर (फेसातून घाण वेगळी करणारे यंत्र) काढून टाकतो आणि काही खडकांच्या आतले जीवाणू वायुरूपाने बाहेर घालवतात, म्हणून चाचणीत एवढी वाढ दिसत नाही. पण आपल्याकडे ती दिसू लागली आहे, याचा अर्थ टँकची पचवण्याची मर्यादा ओलांडली गेली आहे. आपल्या पाच लहान माशांना मिळून दिवसाला अर्धा क्यूब, तोही दोन वेळांत विभागून, पुरेसा आहे. दोन-तीन मिनिटांत जेवढे संपते तेवढेच त्यांचे जेवण.

आता निवडीविषयी. ब्राइन श्रिम्प म्हणजे आर्टेमिया, मिठागरांत आणि खारट सरोवरांत वाढणारा जीव. आपल्याकडे सांभर सरोवरात आणि तुतिकोरीनच्या मिठागरांतही तो सापडतो. अंड्यातून नुकती बाहेर पडलेली त्याची पिल्ले पौष्टिक असतात, परंतु पॅकमध्ये असतो तो बहुधा पूर्ण वाढलेला आर्टेमिया आणि तो एकटाच देत राहिल्यास मासा पोट भरूनही उपाशी राहतो. समुद्री माशांना ओमेगा-३ गटातील लांब साखळीची स्निग्धाम्ले स्वतःच्या शरीरात पुरेशी तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळावी लागतात, आणि साध्या आर्टेमियात नेमकी त्यांचीच वानवा असते. म्हणून घ्यायचाच असेल तर स्पिरुलिना (सूक्ष्म हिरवे-निळे शेवाळ) किंवा ओमेगा-३ खाऊ घालून मग गोठवलेला घ्यावा; तसा उल्लेख पॅकवर असतो.

मायसिस हा रोजचा आधार मानावा. जाता जाता एक गंमत सांगतो. कॅनडातील ओकानागन सरोवरात १९६६ मध्ये कोकनी नावाच्या साल्मन माशांना खाद्य मिळावे म्हणून मायसिस मुद्दाम सोडले गेले. त्यांनी उलट कोकनींच्या पिल्लांचेच सूक्ष्म खाद्य फस्त करायला सुरुवात केली, आणि आता ते मायसिस जाळ्याने काढून, गोठवून आपल्यासारख्यांना विकले जातात.

लेबलवरील प्रथिनांचा आकडा पाहून फसू नये. समजा एका पॅकवर प्रथिने ६ टक्के आणि पाणी ९० टक्के लिहिले आहे, तर दुसऱ्यावर प्रथिने ९ टक्के आणि पाणी ८४ टक्के. कोरड्या वजनावर पहिले ६० टक्के येते आणि दुसरे ५६, म्हणजे दर्जा जवळपास सारखाच; पण दुसऱ्याच्या एका क्यूबमध्ये ऐवज दीडपटीहून अधिक आहे. पहिल्यात आपण बर्फाचेच पैसे मोजतो.

ब्लडवर्म हे नाव दिशाभूल करणारे आहे. तो समुद्रातला किडा नसून गोड्या पाण्यात वाढणाऱ्या, डासासारख्या दिसणाऱ्या एका माशीची अळी आहे. हट्टी मासा खायला लागावा म्हणून चार दिवस द्यायला हरकत नाही, रोज मात्र नको. शिवाय त्याच्या सततच्या संपर्काने काही माणसांना खाज, शिंका आणि दम्यासारखा त्रास होतो, त्यामुळे तो हाताळताना हातमोजे घालावेत.

आपल्या कोरल ब्युटीचा मुख्य आहार निसर्गात शेवाळ हाच आहे. तिला मायसिसपेक्षा स्पिरुलिनायुक्त खाद्य आणि नोरीची गरज अधिक आहे. नोरी म्हणजे जपानी पदार्थांसाठी मिळणारे समुद्री शेवाळाचे वाळवलेले पापुद्रे. घेताना तेल, मीठ किंवा मसाला लावलेले नकोत, एवढे पाहावे. रंग फिका पडण्याचे कारण मला इथेच दिसते.

चिकटून लादी झालेला पॅक टाकून द्यावा. तो वाटेत कुठेतरी पूर्ण वितळून पुन्हा गोठला आहे. ज्या वेळात तो वितळलेला होता तेवढ्या वेळात जीवाणू वाढले, आणि पुन्हा गोठवल्याने ते मरत नाहीत, फक्त थांबतात. दुकानातच पॅक उजेडासमोर धरून क्यूबच्या कडा धारदार आहेत का, कोळंबीची डोकी काळी पडली आहेत का आणि खाचांत तपकिरी पाणी साचून गोठले आहे का, हे पाहण्याची सवय लावावी. दुकानदाराला ते आवडत नाही, हे मान्य.

वितळवण्यासाठी टँकमधलेच पाणी कपभर घ्यावे, त्यात लागेल तेवढाच तुकडा टाकावा आणि दहा-पंधरा मिनिटे थांबावे. गरम पाण्यात बाहेरचा भाग मऊ पडून तुटतो, आतला रस आणि पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे निघून जातात आणि माशाला उरते ते टरफल. मायक्रोवेव्ह तर विचारातही घेऊ नये. सकाळी घाई असेल तर रात्री तुकडा झाकणाच्या डबीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. सकाळपर्यंत तो तयार असतो. एप्रिल-मे महिन्यांत मात्र वितळलेले खाद्य ओट्यावर अर्ध्या तासापेक्षा अधिक राहू देऊ नये, आणि उरलेले पुन्हा गोठवू नये.

वितळलेले पाणी गाळावे की नाही, यावर लोक भांडत बसतात. माझ्या मते फॉस्फेट आणि नायट्रोजन यांचा मोठा वाटा मांसातच असतो, त्या रसात नव्हे. दोन क्यूब गाळून घालण्यापेक्षा अर्धा क्यूब न गाळता घातलेला बरा.

उत्तर २ (औंध)

वरील हिशेब मान्य आहे, शेवटचे दोन परिच्छेद सोडून. गाळण्याचा मुद्दा केवळ फॉस्फेटचा नाही. वितळलेल्या रसात बारीक चुरा आणि स्निग्ध अंश असतो. चुरा कोणताच मासा खात नाही, तो खडकांच्या मागे जाऊन कुजतो, आणि स्निग्ध अंशामुळे स्किमरचा फेस खाली बसतो. खाद्य घातल्यानंतर तासभर स्किमर निपचित पडतो, अशी तक्रार करणाऱ्यांनी एक आठवडा गाळून पाहावे. चहाच्या गाळणीने अर्ध्या मिनिटाचे काम आहे. अर्थात ती गाळणी चहासाठी पुन्हा वापरू नये. गाळलेले खाद्य धुण्याच्या भरात नळाखाली धरू नये, कारण महापालिकेच्या पाण्यात क्लोरिन असतो. टँकचे किंवा आरओचे थोडे पाणी वरून ओतले की पुरे. ज्यांच्या टँकमध्ये प्रवाळ आहेत त्यांना तो रस उपयोगी पडतो, हे खरे. पण प्रश्नकर्त्यांनी प्रवाळांचा उल्लेख केलेला नाही.

रात्रभर फ्रीजमध्ये ठेवण्याविषयी म्हणायचे तर, सव्वातीन ग्रॅमच्या क्यूबला रात्रभराची आवश्यकता नाही. मी उठल्याबरोबर तुकडा कपात टाकतो आणि दात घासून येईपर्यंत तो सुटा झालेला असतो.

उत्तर ३ (सदाशिव पेठ)

घरगुती प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकते, कारण आमच्याकडे सासूबाईंचा चातुर्मास आणि माझा टँक गेली सहा वर्षे एकाच छताखाली नांदत आहेत. पॅक आधी झिपच्या पिशवीत, ती पिशवी रबरी कडेच्या हवाबंद डब्यात, आणि डबा फ्रीझरच्या सर्वांत खालच्या बाजूला ठेवावा, म्हणजे वीज गेली तरी गळलेले पाणी कशावर टपकणार नाही. कप, गाळणी, सुरी आणि कापायची पाटी वेगळी ठेवून ती टँकखालच्या कपाटातच असू द्यावी. स्वयंपाकघराच्या ओट्यावर यातले काहीही येऊ नये. एवढे केल्यावरही सासूबाईंना पटले नव्हते, म्हणून शेवटी लहानसा जुना फ्रीज घेऊन गॅलरीत ठेवला. कच्चे मांस आणि आपले खाणे वेगळे ठेवणे आरोग्याच्या दृष्टीनेही योग्यच आहे, त्यामुळे आईंचा मुद्दा सोवळ्याओवळ्यापुरता आहे असे समजू नये.

चिकटलेल्या पॅकचा दोष सर्वस्वी दुकानाचाच असेल असेही नाही. आपल्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असते आणि आपण कामावर असल्यामुळे ती किती तास गेली होती हे कळत नाही. मी एका वाटीत पाणी गोठवून त्या बर्फावर एक रुपयाचे नाणे ठेवले आहे. नाणे वरच असले तर ठीक. ते बर्फात खाली गेलेले दिसले तर फ्रीझर वितळला होता हे नक्की, आणि मग पॅकची गय करत नाही. नेण्या-आणण्याचेही तसेच. पहिल्या वर्षी मी भर दुपारी स्कूटरच्या डिकीत पॅक घालून आणले आणि वाटेत रसवंतीवर थांबले. घरी आल्यावर पाहिले तर पिशवीत कोळंबीचे सार झाले होते. तेव्हापासून थर्माकोलचा खोका आणि गोठवलेल्या दोन जेल पिशव्या बरोबर नेते, आणि इतर सगळी खरेदी आटोपल्यावरच पॅक घेते.

उत्तर ४ (कॅम्प)

पॅक महाग वाटत असतील तर घरी खाद्य करता येते, मात्र शाकाहारी घरातल्यांनी पुढचे वाचले नाही तरी चालेल. मी गणेश पेठेच्या मासळी बाजारातून ताजी कोळंबी, माकूल आणि थोड्या तिसऱ्या आणतो, आरओच्या पाण्यात धुऊन मिक्सरच्या वेगळ्या भांड्यात भरड काढतो, त्यात नोरीचा चुरा मिसळतो आणि झिपच्या पिशवीत अगदी पातळ, चार मिलिमीटरची पोळी पसरून गोठवतो. ती चॉकलेटसारखी लागेल तेवढी मोडता येते आणि पातळ असल्यामुळे पाच मिनिटांत वितळते. बांगड्यासारखे तेलकट मासे टाळावेत. सुपरमार्केटमधील सोललेली गोठवलेली कोळंबी घेण्यापूर्वी घटक वाचावेत. वजन टिकावे म्हणून ती अनेकदा पॉलिफॉस्फेटच्या द्रावणात बुडवलेली असते, आणि मग शेवाळाला आपणच आमंत्रण दिल्यासारखे होते. वाळवलेला जवळा स्वस्त असला तरी त्यातली रेती आणि मीठ पाहता मी तो कधीच वापरला नाही.

दोन सावधगिऱ्या. काही मासे आणि शिंपले यांच्यात थायमिनेज नावाचे विकर असते. ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते आणि गोठवल्याने निष्क्रिय होत नाही, म्हणून महिनोन्‌महिने एकाच प्रकारावर राहू नये. दुसरे असे की, गोठवल्याने कोळंबीतले विषाणू मरत नाहीत. टँकमध्ये क्लीनर श्रिम्प असल्यास कच्ची कोळंबी न घालता निर्जंतुक केलेले, तसे पॅकवर स्पष्ट लिहिलेले खाद्यच घ्यावे.

प्रश्नकर्ता (कोथरूड)

सर्वांचे आभार. लादी झालेला पॅक टाकून दिला, ब्लडवर्म बाजूला ठेवला आणि गेले दहा दिवस अर्धा क्यूब मायसिस कपभर टँकच्या पाण्यात वितळवून, गाळून देत आहे. नायट्रेट ३० वर आले आहे. अर्थात मध्ये एकदा ४० लिटर पाणीही बदलले, त्यामुळे श्रेय कोणाला द्यावे हे सांगता येत नाही. कोरल ब्युटीने नोरी पहिले तीन दिवस हुंगलीही नाही, चौथ्या दिवशी क्लिपसकट ओढून नेली. आईने डब्याला मान्यता दिली आहे, पण डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘मासे’ असे लिहिण्याच्या अटीवर. एकच अडचण उरली आहे : खाद्य कमी केल्यापासून क्लाउनफिश सगळे वरच्या वर फस्त करतात आणि गोबीपर्यंत काहीच पोहोचत नाही.

उत्तर १ (सहकारनगर)

वितळलेल्या खाद्यातला पाचवा हिस्सा आधीच बाजूला काढावा. बाकीचे वर घालून क्लाउनफिश त्यात गुंतले की परतीचा (पाणी टँकमध्ये परत आणणारा) पंप दहा मिनिटे बंद करावा आणि बाजूला काढलेला हिस्सा लांब नळीच्या ड्रॉपरने थेट गोबीच्या बिळाच्या तोंडाशी सोडावा. पंप पुन्हा चालू करण्यासाठी मोबाइलवर गजर अवश्य लावावा. मी एकदा विसरलो होतो आणि रात्री अकरा वाजता मासे पृष्ठभागाशी तोंड वर काढून धापा टाकताना दिसल्यावर आठवण झाली.