‘ताशी’, ‘प्रतितास’ की ‘दरताशी’? वस्तुमान-प्रवाहाची एककं मराठीत कशी लिहावीत?

मूळ प्रश्न (कोपरखैरणे)

महापे-पावणे पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी सूचनाफलक आणि माहितीपुस्तिका मराठीत करायचं काम मी करते. सध्या हातात पावडर मोजून टाकणाऱ्या एका यंत्राची पुस्तिका आहे. ‘मास फ्लो रेट’ (ठरावीक वेळात किती माल पडतो त्याचं माप) हा शब्द पानोपानी येतो. पाठ्यपुस्तकाच्या धर्तीवर ‘वस्तुमान प्रवाह दर’ लिहून पाहिलं, पण यंत्रावर उभा असलेला माणूस तिथे थांबेल असं वाटत नाही. ‘दर’ म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे भाव येतो. शिवाय एका पानावर ग्रॅम प्रतिमिनिट, दुसऱ्यावर किलो प्रतितास, शेवटच्या तक्त्यात टन प्रतिदिन. ‘प्रति’ जोडून लिहायचं की तोडून? ‘दरताशी’ चालेल?

प्रतिसाद (ठाणे, नौपाडा)

‘दरताशी’ नको. माणशी, एकरी, घरटी या शब्दांमध्ये ‘प्रत्येकी’ हा अर्थ आलेलाच असतो, तसा तो ‘ताशी’तही आहे. एक तर ‘दर तासाला’ म्हणा, नाही तर ‘ताशी’. ‘प्रति’ उपसर्ग आहे, म्हणून जोडून: प्रतितास, प्रतिमिनिट. अडचण अशी की मिनिटाला आणि सेकंदाला ‘ताशी’सारखं सुटसुटीत रूप आपल्याकडे नाही. तिथे सरळ ‘मिनिटाला ३०० ग्रॅम’ लिहावं.

प्रतिसाद (रबाळे)

ताई, तुमच्या प्रश्नात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून जरा लांब लिहितो.

आमच्या शॉपमध्ये ‘प्रवाह’ कोणी म्हणत नाही. ‘मिनिटाला किती पडतंय?’ असं विचारतात. पावडर पडते, वाफ जाते, पाणी येतं. व्याख्येच्या जागी ‘वस्तुमान प्रवाह’ एकदा लिहा, मला तो शब्द पटतो. पुढे मात्र सगळीकडे ‘मिनिटाला पडणारं वजन’ लिहा. भौतिकशास्त्रात वजन आणि वस्तुमान वेगळे आहेत हे खरं, पण काट्यावर किलोच दिसतात आणि माणूस त्यालाच वजन म्हणतो.

खरा धोका काळाच्या शब्दात आहे, कारण बोलताना तोच गळतो. ‘पाच टनांचा बॉयलर’ म्हणजे ताशी पाच टन वाफ देणारा. बॉयलरच्या स्वतःच्या वजनाशी त्याचा संबंध नाही. ‘दीड टनाचा एसी’ तर आणखी वेगळा. तिथला एक टन म्हणजे २,००० पौंड, आपल्या हिशेबात साधारण ९०७ किलो, बर्फ २४ तासांत वितळवायला लागणारी उष्णता. म्हणजे त्या टनाच्या पोटात अख्खा दिवस दडलेला आहे. दर सेकंदाला साडेदहा ग्रॅम बर्फ वितळतोय असं डोळ्यांपुढे आणा, म्हणजे तो टन कळतो.

आता माझी चूक सांगतो. एका कारखान्यात स्क्रू फीडरवर, म्हणजे फिरत्या स्क्रूने पावडर पुढे ढकलून टाकणाऱ्या यंत्रावर, मी नवीन होतो. पडद्यावर आकडा होता ३००, खाली बारीक अक्षरात ‘ग्रॅम प्रतिमिनिट’. लॉगशीटच्या रकान्यात हवे होते किलो प्रतितास. मला एवढंच पाठ होतं की ग्रॅमचे किलो करताना ३.६ ने गुणायचं. गुणलं आणि लिहिलं १,०८०. पुढच्या शिफ्टच्या सुपरवायझरने शीट पाहिली, काही न बोलता मला गोणींच्या थप्पीपाशी नेलं आणि विचारलं, ‘सकाळपासून किती गोण्या फोडल्यास?’ तीन. गोण ५० किलोची. माझ्या आकड्याप्रमाणे पावणेतीन मिनिटांत एक गोण रिकामी व्हायला हवी होती. प्रत्यक्षात तिला पावणेतीन तास लागत होते. बरोबर उत्तर १८ किलो. मी साठपट लिहिलं होतं.

३.६ हा आकडा सेकंदाचा. तासात ३,६०० सेकंद, किलोत १,००० ग्रॅम, भागाकार ३.६. म्हणून सेकंदाला १ ग्रॅम म्हणजे ताशी ३.६ किलो, आणि सेकंदाला १ किलो म्हणजे ताशी ३.६ टन. मिलिग्रॅमवरून ग्रॅमवर जातानाही तोच आकडा. दिवसासाठी ८६.४, कारण दिवसात ८६,४०० सेकंद. पण मिनिटावरून तासावर जाताना गुणायचं ६० ने, आणि ग्रॅमचे किलो करायला भागायचं १,००० ने. मिळून ०.०६. तुमच्या तक्त्यात ‘सेकंदाला’ आणि ‘मिनिटाला’ हे शब्द आकड्याइतक्याच ठळक टाईपात छापा, एवढी विनंती.

प्रतिसाद (ठाणे, कळवा)

‘विसर्ग’ का नको? पावसाळ्यात रोज वाचतो, धरणातून इतके क्युसेक विसर्ग.

प्रतिसाद (रबाळे)

शब्द सुंदर आहे, पण तो सोडलेल्या पाण्याचा, आणि क्युसेक हे घनफळाचं माप: सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८.३ लिटर. पाणी असल्यामुळे त्याचे २८.३ किलो धरता येतात, ताशी सुमारे १०२ टन. मोरबे धरणाच्या बातम्यांतला एमएलडीही तसाच: दिवसाला दहा लाख लिटर, म्हणजे १,००० टन, ताशी ४१.६७ टन, सेकंदाला ११.५७ किलो. लिटरचा किलो होतो तो पाण्यापुरता. तेलाला वा पावडरीला घनता माहीत नसताना ही उडी मारता येत नाही, आणि वाफेची घनता तर दाबानुसार बदलते. म्हणून ‘विसर्ग’ धरणाकडेच राहू द्यावा.

मूळ प्रश्नकर्ती (कोपरखैरणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, तुमची गोण मी उचलते आहे. पुस्तिकेत व्याख्येपाशी एकदाच ‘वस्तुमान प्रवाह’ राहील. यंत्रावरच्या फलकाचा मजकूर असा केला:

‘मिनिटाला ३०० ग्रॅम = ताशी १८ किलो. ५० किलोची गोण साधारण पावणेतीन तास पुरते. त्याआधी संपली तर यंत्र थांबवून आकडा तपासा.’